साखरपुड्यासाठी टायटॅनियमच्या अंगठ्या घ्यायच्या आहेत, काय काय बघून घ्यावं?

पन्हाळगडची

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचा साखरपुडा दिवाळी झाली की आहे. भाऊ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला. सोन्याची अंगठी त्याच्याकडे टिकत नाही. चार दिवस घालतो, चेपते, मग कपाटात जाते ती जातेच. होणारी वहिनी शाळेत शिकवते. तिला बाजारातल्या साध्या कानातल्यांनीही पुरळ उठतं. दोघांनी आपापसांत ठरवलंय की रोज वापरायला टायटॅनियमची साधी वेढणी घ्यायची.

आत्याला हे अजिबात पटलेलं नाही. "साखरपुड्याला पोरीच्या हातात लोखंड घालणार काय?" असं ती सगळ्यांसमोर बोलली आणि वहिनीच्या आईचा चेहरा उतरला. मला आत्याशी वाद घालायचा नाही, पण घेताना फसायचंही नाही. ऑनलाइन बघितलं तर दोन-तीनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत 'टायटॅनियम रिंग' आहेत आणि फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. खरी कशी ओळखायची? पुढे बोट जाड झालं तर मोठी करून मिळते का? आणि अंगठी बोटात अडकली तर कापता येत नाही म्हणतात, ते खरं का? आईला या शेवटच्या गोष्टीची फार धास्ती आहे.

कोल्हापुरात कुणी घेतली असेल, कुणी या धातूत काम करत असेल तर नक्की लिहा.

कळंबेकर

वाचतोय. मलाही घ्यायची आहे. काळी असते ती.

लेथवाला

ताई, आधी आत्यांचं लोखंड बाजूला ठेवू. टायटॅनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. घामानं नाही, समुद्राच्या पाण्यानं नाही, पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीननंही नाही. हवा लागली की त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. ओरखडा पडला तर तिथं लगेच नवा थर तयार होतो. म्हणून तर हाडात बसवायच्या पट्ट्या, स्क्रू आणि दाताचे इम्प्लांट या धातूचे करतात.

माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. आमचं मुख्य काम कास्टिंग मशीनिंगचं, पण अधूनमधून टायटॅनियमचे जॉब येतात, म्हणून हाताखालून गेलेला माल आहे. अंगठीला दोन प्रकार चालतात. एक शुद्ध टायटॅनियम, त्यात ग्रेड १ ते ४ येतात. दुसरा ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू. ग्रेड २ मऊ, ओरखडे लवकर धरतो. ग्रेड ५ त्याच्या दुपटीच्या आसपास कठीण. भाऊ मशीनवर आहे म्हणताय तर त्याला ग्रेड ५ घ्या. ग्रेड २३ असं कुठं लिहिलेलं दिसलं तर तो ग्रेड ५ चाच जास्त शुद्ध केलेला, शरीरात बसवायच्या कामाचा प्रकार. अंगठीला तेवढं लागत नाही, पण मिळाला तर उत्तमच.

आता खरी अडचण. दोन-तीनशे रुपयांच्या ज्या अंगठ्या 'टायटॅनियम स्टील' म्हणून येतात, त्यात टायटॅनियम नसतंच म्हणा. ते ३१६एल स्टेनलेस स्टील असतं. स्टील म्हणून चांगलं आहे, भांडण नाही, पण त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं. तुमच्या वहिनींना पुरळ कशानं येतं ते डॉक्टर सांगतील, पण मला पहिली शंका निकेलचीच येते. म्हणजे ज्या कारणासाठी टायटॅनियम घ्यायचं ते कारणच हातातून गेलं.

पुष्कळ लोक लोहचुंबक लावून बघा म्हणतात. त्यानं काही कळत नाही. टायटॅनियमला चुंबक लागत नाही आणि ३१६एललाही जवळजवळ लागत नाही. चिकटला तर माल खोटा एवढं नक्की, पण चिकटला नाही म्हणून खरा ठरत नाही.

वजनानं मात्र लगेच कळतं. एक घनसेंटिमीटर टायटॅनियम साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतं, ग्रेड ५ तर ४.४३. स्टील तेवढंच घेतलं तर ८ ग्रॅम. सोनं १९.३. अंगठी हातात घेतल्यावर "एवढी हलकी?" असं तोंडातून निघालं पाहिजे.

शाहूपुरीकर

लेथवाले, हलकी म्हणजे किती हलकी हे नवख्या माणसाला कसं कळणार? ज्यानं कधी हातात धरलेलीच नाही त्याला स्टीलची पातळ अंगठीही हलकीच वाटेल.

लेथवाला

बरोबर बोललात. मग मोजूनच घ्या. एक शतांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, तो कुठल्याही सराफाकडे असतो.

आधी अंगठीचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. अंगठी शिवणाच्या बारीक दोऱ्याला बांधा आणि हातात धरून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती ठेवा. ग्लासच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. अंगठीच्या आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर हलवून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवेल ते अंगठीचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्यानं भागा.

माझ्याकडे एक ८ मिलिमीटर रुंदीची ग्रेड ५ ची आहे. कोरडी ४.६२ ग्रॅम, पाण्यात लोंबती ठेवल्यावर काट्यावर १.०४. भागाकार ४.४४ येतो. तीच अंगठी स्टीलची असती तर कोरडी ८ ग्रॅमच्या वर गेली असती आणि भागाकार ८ च्या जवळ आला असता. चार आणि आठ यात गोंधळ होण्याचा प्रश्नच नाही. लाकूड, कार्बन फायबर किंवा खडा बसवलेल्या अंगठीला हा हिशेब चालत नाही, फक्त साध्या वेढण्याला.

दुसरी पद्धत ग्राइंडरची. टायटॅनियम ग्राइंडरला लावलं की लख्ख पांढऱ्या ठिणग्या उडतात, स्टीलच्या पिवळ्या-नारिंगी असतात. एकदा बघितलं की माणूस विसरत नाही. पण अंगठीवर हे करायला मी सांगणार नाही, वर्कशॉपमध्ये बारचा, म्हणजे सळईचा, तुकडा ओळखायला ठीक आहे.

राजारामपुरी ९वी गल्ली

नाद खुळा माहिती. ही पाण्याची पद्धत चांदीलाही चालेल काय?

लेथवाला

चालेल की. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास येते.

गुजरीकर

माझं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पिढीजात दुकान आहे. टायटॅनियम आम्ही ठेवत नाही, त्यामुळे यात माझा काही फायदा नाही, तोटाही नाही. लेथवाल्यांनी सांगितलेली पाण्याची पद्धत योग्य आहे. आमच्याकडे कुणी अंगठी घेऊन आलं तर काटा द्यायला कोण नाही म्हणणार?

पण दोन गोष्टी ताईंनी घरात आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात. पहिली मोडीची. सोन्याची अंगठी कितीही झिजली, वाकली, तुटली तरी मोडीत वजनाचे पैसे येतात, गेली ती मजुरी आणि थोडी घट. टायटॅनियमची अंगठी दुकानातून बाहेर पडली की तिला मोड नाही. त्यात पैसे घडणावळीचे आणि फिनिशिंगचे असतात, धातूचे फार कमी. त्यामुळे ही वस्तू वापरायची म्हणून घ्या. आपल्याकडे साखरपुड्याला दिलेलं सोनं हे मुलीचं हक्काचं असतं, अडीअडचणीला उपयोगी पडतं. वहिनीच्या आईचा चेहरा उतरला तो बहुतेक याच विचारानं, लोखंड शब्दानं नव्हे. त्यांची ती काळजी रास्त आहे. सोन्याचं जे काही द्यायचं ठरलं असेल ते वेगळं द्या आणि ही अंगठी त्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे असं त्यांना सांगा.

दुसरी गोष्ट हॉलमार्कची. सोन्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, असावाच लागतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून कुणीही तपासू शकतं. टायटॅनियमला असा कुठलाही सरकारी हॉलमार्क नाही. अंगठीच्या आत 'Ti', म्हणजे टायटॅनियम, असं कुणालाही कोरता येतं, त्याला कुणी विचारत नाही. तिथं तुम्हाला विकणाऱ्याच्या बिलावरच भिस्त ठेवावी लागते. बिलावर धातू आणि ग्रेड लिहून द्यायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

लेथवाला

एकदम बरोबर. त्यात अजून एक. चांगला बनवणारा असेल त्याच्याकडे बार ज्या मिलमधून आला तिथला टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे टीसी, असतो, माल कुठल्या वितळणीतला ते सांगणाऱ्या हीट नंबरसकट. आम्ही रोज टीसी मागतो तसाच. एका अंगठीसाठी कागद मागायला लाजू नका. मेल करा, देणारा देतो.

हुपरीची लेक

ताई, मापाचं सांगते, कारण सोन्या-चांदीच्या सवयीनं आपण मापाकडे दुर्लक्ष करतो. आमच्या घरात चांदीचंच काम, लहानपणापासून बघते आहे. चांदीची अंगठी सैल झाली तर कापून, तुकडा काढून झाळायची. घट्ट झाली तर तुकडा घालायचा. सोन्याचंही तेच. टायटॅनियमचं हे होत नाही. आपल्या कारागिराच्या ब्लोअरवर ते झाळता येत नाही. तापवलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत ओढून घेतं आणि जोड ठिसूळ होतो. वितळायला १६६८ अंश सेल्सिअस लागतात, सोनं १०६४ ला वितळतं. म्हणून घेतानाच माप अचूक हवं.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर हात चाललेला असतो तेव्हा. सकाळी आणि थंडीत बोटं बारीक असतात, उन्हाळ्यात आणि जेवणानंतर फुगतात. ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं आणि त्याच हाताचं माप. उजव्या-डाव्यात फरक असतो. सराफाकडे रिंगांचा जुडगा असतो त्यातली रिंग सांध्यावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि मुळाशी गोल फिरली पाहिजे. दोरा गुंडाळून घेतलेल्या मापावर टायटॅनियमची ऑर्डर कधीच देऊ नका.

आणि रुंदी बघा. ३ मिलिमीटरची बारीक अंगठी आणि ८ मिलिमीटरचा पट्टा यांना एकाच बोटाला एकच नंबर बसत नाही. रुंद पट्टा घट्ट लागतो, त्याला एखादा-दुसरा नंबर वर घ्यावा लागतो. शक्य असेल तर जेवढ्या रुंदीची अंगठी घेणार तेवढ्याच रुंदीच्या रिंगनं माप घ्या.

पन्हाळगडची

खूप खूप आभार सगळ्यांचे. हुपरीची लेक, ऑनलाइन वेबसाइटवर ७, ८, ९ असे नंबर आहेत आणि आपल्या सराफानं भावाचा नंबर २२ सांगितला. हे कसं जुळवायचं?

हुपरीची लेक

ते अमेरिकन नंबर आहेत. आपला १४ म्हणजे त्यांचा साधारण ७, आपला २२ म्हणजे त्यांचा साधारण १०. पण नंबरावर जाऊच नका. आतला व्यास मिलिमीटरमध्ये विचारा. अमेरिकन ७ चा आतला व्यास १७.३ मिलिमीटर, १० चा १९.८. ऑर्डरमध्येही मिलिमीटरच लिहा, म्हणजे नंतर "आमचा नंबर वेगळा" असं कुणी म्हणू शकत नाही.

लेथवाला

मोठी करायचं थोडं शक्य आहे, ते सांगतो. जाडी पुरेशी असेल तर आतून बोअर करता येतं, म्हणजे आतला धातू कातून काढता येतो. आपला एक नंबर वाढवायला व्यासात ०.३ मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे भिंतीतून ०.१५ च काढायचं. २ मिलिमीटर जाडीची साधी अंगठी असेल तर दोन नंबर आरामात निघतात. फक्त ती नीट धरता आली पाहिजे. लेथच्या तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये आवळली की अंगठी तिकोनी होते, म्हणून मऊ जॉ किंवा कॉलेटमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी सारखं धरणाऱ्या पकडीत, धरतात. कोरलेलं नाव आत असेल तर ते जाणार. लहान करायचं मात्र विसरा. लेझर वेल्डिंगनं आत थर चढवणारे आहेत, पण त्या खर्चात नवी येते.

म्हणून माझं मत, नाव-तारीख कोरायची घाई करू नका. आधी महिनाभर साधी घालू द्या, बोटाला बसली की मग लेझरनं कोरा. कोरलेली अंगठी कुणी परत घेत नाही.

डॉ. रंकाळा

धागा आत्ता बघितला. आईंची धास्ती अगदीच निराधार नाही, पण "कापता येत नाही" हे खरं नाही. मी अपघात विभागात काम करते, बोटात अडकलेल्या अंगठ्या नेहमी येतात.

सोनं-चांदी हातानं फिरवायच्या छोट्या रिंग कटरनं चटकन कापली जाते. टायटॅनियमला तो कटर पुरत नाही, किंवा फार वेळ घेतो. त्याला कठीण चकतीचा विजेवर चालणारा कटर किंवा मजबूत बोल्ट कटर लागतो. चकतीनं कापताना अंगठी तापते, म्हणून सतत थंड पाणी सोडावं लागतं आणि खाली धातूची पट्टी सरकवून त्वचा वाचवावी लागते. अजून एक फरक म्हणजे सोन्याची अंगठी एका ठिकाणी कापली की दोन्ही बाजूंनी फाकवता येते. टायटॅनियम स्प्रिंगसारखं परत येतं, म्हणून समोरासमोर दोन काप द्यावे लागतात. वेळ जास्त लागतो, पण अंगठी निघते. प्रत्येक दवाखान्यात तसा कटर असेलच असं नाही, अग्निशमन दलाकडे कापायची साधनं असतात हे लक्षात ठेवा.

बऱ्याचदा तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही. बोट सुजायला लागलं की हात छातीच्या वर धरा, थंड पाण्यात ठेवा, साबण किंवा तेल लावून हळूहळू फिरवत काढा. ओढू नका, ओढल्यानं सूज वाढते. तरी निघत नसेल तर दोऱ्याची पद्धत. मजबूत दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालून तळहाताच्या बाजूला ओवून घ्या. उरलेला दोरा अंगठीपासून सुरू करून सांध्याच्या पुढेपर्यंत एकाला एक चिकटून घट्ट गुंडाळत न्या, म्हणजे सूज दाबली जाते. मग अंगठीखालून आलेलं टोक धरून दोरा सोडवत जा. प्रत्येक वेढ्यासरशी अंगठी पुढे सरकते. मात्र बोट निळं-पांढरं पडलं, बधिर झालं किंवा हाड मोडल्याची, जखमेची शंका असली तर घरी काहीही न करता थेट दवाखाना.

गरोदरपणात बोटं सुजतात. ती सोन्याची असो की टायटॅनियमची, सूज दिसायला लागली की अंगठी काढून ठेवायची, वाट बघायची नाही.

आता वहिनींच्या पुरळाबद्दल. कानातल्यांनी, घड्याळाच्या बकलनं, जीन्सच्या बटणानं पोटावर खाज येत असेल तर निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून तपासणी, करून खात्री करतात, ती एकदा करून घ्या म्हणजे अंगठीपुरतंच नाही, आयुष्यभर उपयोगी पडेल. टायटॅनियमची ॲलर्जी फार क्वचित दिसते. पण एक लक्षात घ्या, अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून जी त्वचा सोलते ती ॲलर्जी नसते, ती कुठल्याही धातूच्या अंगठीखाली होते. भांडी घासून झाली की अंगठी काढून बोट आणि अंगठी दोन्ही पुसून कोरडी करणं हाच त्यावर उपाय. टायटॅनियम घेऊनही खाज राहिली तर धातूला दोष देण्याआधी हे बघा.

परदेशी पाखरू

मूळचा शाहूपुरीचा, सध्या जर्मनीत. इथे युरोपीय संघात त्वचेला कायम लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. टोचलेल्या छिद्रात बसणाऱ्या वस्तूंना त्याहून कडक, ०.२. विकणाऱ्यानं या नियमानुसार तपासणी झाल्याचा कागद दिला तर निकेलच्या बाबतीत निर्धास्त व्हा.

डॉ. रंकाळा

आणि एक महत्त्वाचं राहिलं. पन्हाळगडची, भाऊ मशीनवर आहे ना? ड्युटीवर अंगठी घालायचीच नाही. टायटॅनियमची नाही, सोन्याची नाही, कुठलीच नाही. फिरत्या जॉबमध्ये, ट्रकच्या फाळक्यात, गेटच्या खिळ्यात अंगठी अडकली आणि शरीराचा भार पडला की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते, कधी बोट तुटून जातं. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, सगळीकडून असे पेशंट येतात. बहुतेक वेळा बोट परत पूर्वीसारखं होत नाही.

इचलकरंजीकर

डॉक्टर, असं ऐकलं होतं की सोन्याची अंगठी अशा वेळी वाकून तुटते म्हणून बोट वाचतं, टायटॅनियम तुटत नाही म्हणून जास्त धोका. खरं का?

डॉ. रंकाळा

सोन्याच्या अंगठीनं झालेल्या याच जखमा मी शिवलेल्या आहेत. सोनं वाकतं हे खरं, पण ते वाकेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. धातूच्या भरवशावर मशीनजवळ जायचं नाही.

लेथवाला

डॉक्टरांच्या शब्दाला माझं पूर्ण अनुमोदन. आमच्या शॉपमध्ये अंगठी, कडं, मनगटातला गंडा सगळं काढूनच आत यायचं, यात मी कुणाचंही ऐकत नाही. वीजेचं काम करणाऱ्यांनी तर बॅटरीच्या टर्मिनलजवळ कुठल्याही धातूची अंगठी नको. शॉर्ट झालं की क्षणात लाल होते.

कळंबेकर

काळ्या अंगठीबद्दल कुणी सांगा ना. आणि निळी, जांभळी, सप्तरंगी दिसते ती रंग दिलेली असते काय?

लेथवाला

निळी-जांभळी असते त्यावर रंग नसतो. टायटॅनियम द्रावात बुडवून वीज दिली की ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाश त्या थरातून उलटताना रंग दिसतो, रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो तसा. किती व्होल्ट दिले त्यावर रंग ठरतो. ३० च्या आसपास निळा, साठीच्या घरात पिवळा, शंभरीजवळ हिरवा. दिसायला लई भारी, पण थर फार पातळ. रोजच्या वापरात कडांवरून आधी जातो. खाचेत रंग असलेली घेतली तर पुष्कळ टिकतो, कारण तिथं घासलं जात नाही. गेला तर परत चढवताही येतो.

काळी बहुतेक वेळा पीव्हीडी किंवा डीएलसी कोटिंगची, म्हणजे वरून चढवलेल्या पातळ थराची, असते. ते कोटिंग कठीण असतं पण कायमचं नाही, आणि कडेला निघालं की खालचा राखाडी धातू दिसतो. त्यावर घरी काही करता येत नाही. सोनेरी टायटॅनियमचंही तसंच, वर टायटॅनियम नायट्राइडचा किंवा सोनेरी थर असतो. रोज घालायची असेल तर मी म्हणेन, स्वतःच्या राखाडी रंगाची, ब्रश फिनिश केलेली घ्या. चकाकी केलेल्या अंगठीवर पहिल्याच आठवड्यात बारीक रेघा दिसतात. ब्रश फिनिशवर त्या मिसळून जातात, आणि वर्षाकाठी भांडी घासायच्या नव्या हिरव्या घासणीनं एकाच दिशेनं घासली की पुन्हा पहिल्यासारखी.

ओरखडा पडतच नाही असं कुणी सांगून विकत असेल तर तो खोटं बोलतोय. साधी वाळूसुद्धा टायटॅनियमपेक्षा कठीण असते.

शाहूपुरीकर

मग टंगस्टन घ्यावं का? त्याला ओरखडे पडत नाहीत म्हणतात.

लेथवाला

अंगठीतलं टंगस्टन म्हणजे टंगस्टन कार्बाइड, आमच्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापायच्या हत्याराच्या टोकाचाच माल. ओरखड्याला टायटॅनियमपेक्षा कितीतरी कठीण, पण ठिसूळ. फरशीवर आपटली तर तडकू शकते. वजनाला तिपटीहून जड. त्यात कण धरून ठेवायला, बाइंडर म्हणून, कोबाल्ट किंवा निकेल असतं, म्हणून ॲलर्जीवाल्यांनी विचारून घ्यावं. बोटात अडकली तर कापत नाहीत, लॉकिंग प्लायरनं दाब देऊन फोडतात. ज्याला वजन आवडतं त्यानं घ्यावी.

बिंदू चौक

पुष्कराज टायटॅनियममध्ये बसवून मिळेल का? गुरुजींनी तर्जनीत घालायला सांगितलाय, पण सोनं सध्या परवडणारं नाही.

गुजरीकर

मी तो सल्ला देणार नाही. पुष्कराजाला आपल्याकडे सोनं, नाहीतर चांदी घेतात, आणि खड्याची मागची बाजू बोटाला लागेल अशी उघडी ठेवून बसवतात. त्यासाठी धातू हळूच वळवून खड्याच्या कडेवर बसवावा लागतो. टायटॅनियम वळवलं की परत उसळतं, जोर लावला तर खड्याची कड उडते. टायटॅनियममध्ये हिरा बसवतात तो बहुधा सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या छोट्या कोंदणात धरून, नाहीतर धातूच्याच ताणात पकडून. पुष्कराज तुम्ही चांदीत करून घ्या, हुपरीचं काम उत्तम असतं, आणि पुढे सोन्यात बदलताही येईल.

ताई, तुमच्यासाठीही एक सूचना. वहिनी त्याच बोटात सोन्याची आणि टायटॅनियमची अंगठी एकावर एक घालणार असतील तर नका घालू देऊ. २२ कॅरेट सोनं मऊ, टायटॅनियम कठीण. रोज घासून सोन्याची कड झिजते, आणि ती झीज तुमच्या वजनातून जाते. वेगळ्या बोटात किंवा वेगळ्या हातात घाला.

राजारामपुरी ९वी गल्ली

मी एका मोठ्या वेबसाइटवरून घेतली होती, नाव लिहीत नाही. वर्णनात 'शुद्ध टायटॅनियम'. वरची लेथवाल्यांची पद्धत आज करून बघितली, भागाकार ७.९ आला. परत पाठवायची मुदत कधीच संपली आहे. घेणाऱ्यांनी मुदतीच्या आतच पाण्यात तोलून घ्या, एवढंच सांगतो.

हुपरीची लेक

अरेरे. तक्रार जरूर करा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वर्णनात शुद्ध लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट आणि बिल दोन्ही जपून ठेवा.

काळबादेवी

धातूचंच चाललंय म्हणून एक सांगावंसं वाटतं. मी रत्नागिरीचा, नोकरीला कोल्हापुरात. आमच्याकडे काळबादेवी, मिऱ्या भागातल्या किनाऱ्यावर जी काळसर वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. लहानपणी चुंबक फिरवून त्या वाळूतले काळे कण गोळा करायचो. भारतात टायटॅनियमचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, केरळात चवऱ्याला केएमएमएलच्या कारखान्यात होतो, वर्षाला ५०० टनांचा प्रकल्प आहे तो, आणि हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीत त्याचे पुढे मिश्रधातू होतात. अवकाशयानाला जातं ते बोटात घालायला मिळणं मला तरी अभिमानाचं वाटतं.

शाहूपुरीकर

वा! हे माहीतच नव्हतं. ताई, आत्यांना हे सांगा.

पन्हाळगडची

मंडळी, तुमच्यामुळे सगळं सोपं झालं. काल दोघांना घेऊन गुजरीत गेलो, संध्याकाळीच. वहिनीला ४ मिलिमीटर, भावाला ६, दोघांची मापं त्याच रुंदीच्या रिंगांनी घेतली, व्यास मिलिमीटरमध्ये लिहून आणले. दोन विक्रेत्यांना ग्रेड आणि टीसीबद्दल मेल केला होता. एकानं "मॅडम हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल आहे" एवढंच लिहिलं. दुसऱ्यानं ग्रेड ५ च्या बारचा टीसी पाठवला, बिलावर ग्रेड लिहून देतो म्हणाला आणि कोरलेली नसेल तर माप बदलून देतो असंही. त्याच्याकडेच ऑर्डर दिली. नाव नंतर कोरणार.

गुजरीकरांनी लिहिलेलं आईनं वहिनीच्या आईला फोनवर तसंच सांगितलं, की सोनं ठरलंय ते ठरलंयच, हे त्याच्या जोडीला आहे. त्या मोकळेपणानं बोलल्या मग. आत्या अजून गप्प आहे, पण अंगठी आली की तिला हातात देणार आहे.

भाऊ विचारतोय, ड्युटीवर काढायची तर ठेवायची कुठं? तो म्हणतो गळ्यातल्या साखळीत अडकवतो.

डॉ. रंकाळा

गळ्यातल्या साखळीत मशीनजवळ अजिबात नको. ती अडकली तर बोटावर भागणार नाही.

लेथवाला

पाकिटातही नको, चहाचे पैसे काढताना पडते आणि धातूच्या बुरात गेली की चाळून काढावी लागते. आमच्याकडच्या पोरांनी जेवणाच्या पिशवीला आतून छोटा चेनचा कप्पा शिवून घेतलाय. पंचिंग झालं की अंगठी त्यात, पिशवी लॉकरला, घरी जाताना हात धुतले की बोटात. आणि एक, हात धुवायला गंज काढायचं लिक्विड वापरतात काही ठिकाणी. कुणीच वापरू नये ते, पण त्यात हायड्रोफ्लोरिक असेल तर टायटॅनियमही खातं. भावाला सांगा, हात साध्या साबणानंच धू.

पन्हाळगडची

कप्पा आजच शिवते.